७० कोटी खर्चले, तरी हरले! बेळगावकडच्या मराठी उद्योजकाची अमेरिकेतली निवडणूक, सोप्या भाषेत समजून घ्या

बुलढाणा : निवडणूक ग्रामपंचायतीची असो, जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, आपल्याकडे पारावर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "पैसा असला की निवडणूक जिंकता येते." हे खरं आहे का? याचं उत्तर शोधायला आज आपण थोडं लांब जाणार आहोत, थेट अमेरिकेत. पण माणूस मात्र आपलाच आहे. मराठी बोलणारा, मराठीत आत्मचरित्र लिहिणारा आणि बेळगावात वाढलेला.

त्यांचं नाव श्री ठाणेदार. तिथे त्यांनी रसायनांच्या तपासणीचा धंदा उभा केला, कोट्यवधी कमावले, एकदा सगळं गमावलं, पुन्हा कमावलं. मग २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या सर्वोच्च पदासाठी उभे राहिले. स्वतःच्या खिशातून जवळपास १ कोटी डॉलर घातले. तेव्हाच्या भावाने हे साधारण ६८ ते ७० कोटी रुपये होतात. निकाल लागला तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकावर होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. ती सुरुवातीपासून पाहू.

कोण आहेत श्री ठाणेदार?

जन्म २२ फेब्रुवारी १९५५, बेळगाव जिल्ह्यातलं चिकोडी. घर मराठी. इथे एक गंमत लक्षात घ्या. १९५५ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात! १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगावचा सीमाप्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

घरची परिस्थिती बेताची. वडील निवृत्त झाले तेव्हा श्री शाळकरी वयातच होते. आठ जणांचं कुटुंब. मिळतील ती कामं करत शिकावं लागलं. तरी वयाच्या १८ व्या वर्षी रसायनशास्त्रात पदवी मिळवली. काही काळ बँकेत नोकरी केली. पुढे मुंबई गाठली, १९७७ मध्ये मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात कामाला लागले.

आपल्यापैकी बहुतेकांनी इथेच थांबायचं ठरवलं असतं. सरकारी नोकरी, तीही भाभा केंद्रातली. घरच्यांना यापेक्षा काय हवं? पण ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. ओहायो राज्यातल्या अॅक्रन विद्यापीठात पॉलिमर या विषयात त्यांनी १९८२ मध्ये पीएच.डी. मिळवली.

पॉलिमर म्हणजे काय? आपल्या शेतातली ठिबकची नळी, खताची पोती, पाण्याची टाकी, ट्रॅक्टरचं टायर, हे सगळं पॉलिमरच. अॅक्रन हे शहर तर टायरच्या कारखान्यांसाठीच प्रसिद्ध होतं. म्हणजे हा विषय शिकायला त्यांनी अगदी योग्य गाव निवडलं होतं.

धंदा नेमका कसला?

शिक्षण झाल्यावर काही वर्षं त्यांनी सेंट लुईस शहरात पेट्रोलाइट नावाच्या कंपनीत नोकरी केली. नोकरी करता करता १९८८ मध्ये एमबीए केलं. त्याच वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. १९९१ मध्ये त्यांनी ७५ हजार डॉलरचं कर्ज काढून केमीर नावाची एक छोटी प्रयोगशाळा विकत घेतली. कामाला माणसं होती मोजून तीन.

या प्रयोगशाळेचं काम सोप्या भाषेत असं सांगता येईल. आपण माती परीक्षणाला माती देतो, डेअरीत दुधाचं फॅट मोजतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे ग्राहक म्हणजे मोठमोठ्या कंपन्या. एखाद्या कंपनीचं प्लास्टिक वेळेआधी का तडकलं? रंग का उडाला? औषधात एखादा नको तो पदार्थ कुठून आला? याचा शोध प्रयोगशाळेत घ्यायचा आणि अहवाल द्यायचा. ना जमीन लागते, ना मोठा कारखाना. लागतात ती यंत्रं आणि शिकलेली माणसं.

तीन माणसांची ही लॅब पुढे शंभरावर माणसांची झाली. त्यात पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञही होते. नंतर त्यांनी औषध कंपन्यांसाठी चाचण्या करून देणाऱ्या आणखी कंपन्या काढल्या. धंद्याचा पसारा अनेक राज्यांत गेला.

घरातला सर्वात वाईट दिवस

बाहेरून सगळं छान दिसत होतं. पण १९९६ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीने आत्महत्या केली. पदरी दोन लहान मुलं होती. ठाणेदारांनी ही गोष्ट लपवली नाही. पुढे आत्मचरित्रात त्याविषयी लिहिलं आणि राजकारणात आल्यावर जाहीरपणे बोललेही.

आपल्या जिल्ह्यात हा विषय नवा नाही. पश्चिम विदर्भातल्या कितीतरी घरांनी हे दुःख पाहिलं आहे. कर्ज, नापिकी, आजारपण अशी कारणं आपण लगेच मोजतो, पण मनाच्या आजाराविषयी बोलत नाही. घरात सुबत्ता असली तरी माणूस आतून खचू शकतो. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी खचलेलं वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. क्रमांक १४४१६. इथे रात्री-अपरात्रीही फोन लागतो.

बँकेने सगळं घेतलं

धंदा वाढवायचा म्हणजे कर्ज आलंच. २००८ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. औषध कंपन्यांनी कामं कमी केली आणि ठाणेदारांच्या कंपन्यांचे हप्ते थकले. २०१० मध्ये बँकेने कंपन्यांवर ताबा आणला. पीक कर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज थकल्यावर दारात बँकेचा माणूस उभा राहतो तेव्हा काय वाटतं, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. इथे फक्त रक्कम मोठी होती.

याच काळातली एक घटना पुढे त्यांचा पिच्छा पुरवत राहिली. न्यू जर्सी राज्यात त्यांची एक प्रयोगशाळा होती. तिथे औषधांच्या चाचण्यांसाठी कुत्री आणि माकडं ठेवलेली होती. जप्तीमुळे ती बंद पडली, तेव्हा शंभराहून जास्त बीगल जातीची कुत्री आणि माकडं आतच अडकली. प्राणिमित्र संघटनांनी मोठा आवाज उठवला. पुढे कुत्र्यांची सुटका झाली आणि त्यांना घरं मिळाली. ठाणेदारांचं म्हणणं असं होतं की तोपर्यंत सगळा ताबा बँकेकडे गेला होता, निर्णय त्यांच्या हातात नव्हता. पण २०१८ च्या प्रचारात हा विषय पुन्हा बाहेर आलाच.

आपल्याकडे कसं, उमेदवारी जाहीर झाली की दहा वर्षांपूर्वीचा सोसायटीचा वाद, पतसंस्थेचं जुनं प्रकरण निघतं. तिथेही तसंच आहे.

५५ व्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून

२०१० मध्ये ठाणेदार ५५ वर्षांचे होते. त्यांनी मिशिगन राज्यातलं अॅन आर्बर गाव गाठलं आणि अॅव्होमीन नावाची नवी प्रयोगशाळा सुरू केली. धंदा तोच, कारण हातात हुन्नर तेच होतं. सहा वर्षांत ही लॅबही चालली. २०१६ मध्ये त्यांनी तिच्यातला मोठा हिस्सा विकला. त्यातले सुमारे १५ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १० कोटी रुपये, त्यांनी कामगारांना बोनस म्हणून वाटले, अशी बातमी तेव्हा गाजली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनी विकत घेणाऱ्यांनी नंतर कोर्टात दावा लावला. कंपनीची किंमत फुगवून सांगितली, असा त्यांचा आरोप होता. ठाणेदारांनी तो फेटाळला. तरी निवडणुकीच्या काळात हेही प्रकरण विरोधकांच्या हाती होतंच.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

आता मुख्य विषयाकडे येऊ. २०१७ मध्ये ठाणेदारांनी जाहीर केलं की ते मिशिगनच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवणार. त्याआधी ते कधी साध्या नगरसेवकाच्या निवडणुकीलाही उभे राहिले नव्हते.

इथे एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे राज्यपाल. त्यांची नेमणूक दिल्लीहून होते आणि राज्याचा कारभार मुख्यमंत्री पाहतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे राज्याचा खरा कारभारी गव्हर्नरच. म्हणजे अधिकार मुख्यमंत्र्यासारखे आणि निवड थेट जनतेतून, आपल्या थेट सरपंचासारखी. मिशिगनची लोकसंख्या सुमारे १ कोटी. एवढ्या लोकांमधून एक माणूस निवडायचा.

तिकिटासाठीही मतदान!

आपल्याकडे तिकीट कसं मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. इच्छुकांनी मुंबईच्या चकरा मारायच्या, नेत्यांच्या बंगल्याबाहेर थांबायचं, शेवटच्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो ते पाहायचं.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाही मतदान होतं. त्याला 'प्रायमरी' म्हणतात. एकाच पक्षाचे तीन, पाच, नऊ इच्छुक आपसात लढतात. सामान्य मतदार बूथवर जाऊन त्यातल्या एकाला मत देतात. जो जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. मग नोव्हेंबरमध्ये दोन पक्षांचे उमेदवार समोरासमोर येतात. म्हणून तिथे बाहेरून आलेल्या, पक्षात ओळख नसलेल्या माणसालाही दार उघडं असतं. खिशात पैसा असेल तर ते दार जास्तच उघडं असतं.

ठाणेदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले. समोर दोघे होते. एक ग्रेचन व्हिटमर, राज्याच्या विधिमंडळात अनेक वर्षं काम केलेल्या. दुसरे अब्दुल अल-सईद, डेट्रॉइट शहराच्या आरोग्य विभागाचे माजी प्रमुख.

खर्चाला मर्यादाच नाही

आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो, लोकसभेला ९५ लाखांपर्यंत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही जाणता, पण कागदावर तरी मर्यादा आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उमेदवाराने स्वतःचा पैसा स्वतःच्या प्रचाराला किती वापरावा, याला बंधन घालता येणार नाही. प्रचार करणं म्हणजे आपलं मत मांडणं, आणि मत मांडण्यावर बंधन नको, असा त्यामागचा विचार.

त्यामुळे ठाणेदारांना स्वतःचे कोटी डॉलर लावायला कायद्याची आडकाठी नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बाउल या फुटबॉलच्या सर्वात मोठ्या सामन्यावेळी मिशिगनच्या टीव्हीवर त्यांची जाहिरात झळकली. आपल्याकडे विश्वचषकाच्या फायनलला जाहिरात द्यावी, तसं समजा. तिथल्या लोकांना 'श्री ठाणेदार' हे नाव उच्चारता येत नाही, याचाच त्यांनी विनोद करून प्रचार केला. नाव अवघड आहे म्हणून लपवलं नाही, उलट तेच पुढे केलं.

परिणाम दिसला. मार्च-एप्रिलच्या काही मतचाचण्यांत हा कालपर्यंत कोणाला माहीत नसलेला माणूस थेट आघाडीवर आला. मोफत आरोग्यसेवा, कामगाराला चांगली मजुरी, गरिबांच्या मुलांना शिक्षण असे मुद्दे ते मांडत होते. मात्र ते मनापासून या विचाराचे आहेत की ऐनवेळी पक्ष निवडला, असा प्रश्न पत्रकारांनी विचारायला सुरुवात केली. ठाणेदार म्हणाले, मी आधीपासूनच डेमोक्रॅट आहे. पण शंका पसरली ती पसरलीच.

निकाल काय लागला?

७ ऑगस्ट २०१८ ला मतदान झालं. व्हिटमर यांना ५२ टक्के मतं, अल-सईद यांना ३० टक्के आणि ठाणेदारांना सुमारे १८ टक्के. मतं म्हणाल तर दोन लाखांच्या थोडी वर.

हिशेब करा. १ कोटी डॉलर भागिले २ लाख मतं. एका मतामागे साधारण ५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे ३,४०० रुपये. आणि पदरी तिसरा क्रमांक.

टीव्हीवरच्या जाहिरातीने नाव घराघरात पोचलं. पण मत देताना लोकांनी विचारलं की आमच्या भागात याने आधी काय काम केलं? याच्या बाजूने कोण उभं आहे? शिक्षक, कामगार संघटना, गावोगावचे कार्यकर्ते बहुतांशी व्हिटमर यांच्यामागे होते. एका सुपर बाउलच्या जाहिरातीने इतक्या वर्षांची ओळख भरून निघत नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये व्हिटमर गव्हर्नर झाल्या.

हे फक्त ठाणेदारांचं झालं का? नाही!

अमेरिकेत धंद्यात यशस्वी झालेल्या अनेकांना वाटतं की कंपनी चालवली, आता देशही चालवू. थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहणारेही कमी नाहीत.

यातलं सर्वात गाजलेलं नाव रॉस पेरो. टेक्सास राज्यातले. १९६२ मध्ये एक हजार डॉलरवर संगणक सेवेची कंपनी काढली आणि अब्जाधीश झाले. १९९२ मध्ये कोणत्याही पक्षाशिवाय राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. स्वतःचे ६ कोटी डॉलरहून अधिक घातले. टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून देशाच्या कर्जाचा हिशेब समजावून सांगायचे. लोक खरोखर बसून ऐकायचे. मधेच जुलैत त्यांनी माघार घेतली आणि ऑक्टोबरात परत आले. त्याने विश्वास कमी झाला. तरी १ कोटी ९७ लाख मतं मिळाली, जवळपास १९ टक्के.

पण जिंकलं काय? शून्य. कारण अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधी-मतं असतात, देशभरात मिळून ५३८. बहुतेक राज्यांत जो पहिला येतो तो त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो. पेरो कुठल्याच राज्यात पहिले आले नाहीत. पाच माणसांमागे जवळपास एकाने मत दिलं, तरी हाती भोपळा.

दुसरे मायकेल ब्लूमबर्ग. न्यूयॉर्कचे तीन वेळा महापौर आणि जगातल्या श्रीमंतांपैकी एक. २०२० च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी त्यांनी स्वतःचे १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. काही महिन्यांत! जिंकला फक्त अमेरिकन सामोआ हा समुद्रातला एक छोटा बेटसमूह. मार्च २०२० मध्ये माघार घेतली.

२०२४ साठी विवेक रामास्वामी हे भारतीय वंशाचे उद्योजक रिपब्लिकन पक्षाकडून उतरले. आयोवा राज्यातल्या पहिल्याच मतदानात चौथे आले आणि त्याच रात्री थांबले.

मग डोनाल्ड ट्रम्प? तेही उद्योजकच आणि जिंकले. खरं आहे. पण ट्रम्प टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे वर्षानुवर्षं घराघरात माहीत होते. आणि २०१६ मध्ये तर विरोधी उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचा खर्च त्यांच्यापेक्षा जास्त होता! म्हणजे तिथेही जास्त खर्च करणारा हरला.

ठाणेदार राष्ट्राध्यक्ष होऊ शकतात का?

हा प्रश्न अनेकांच्या मनात येईल. उत्तर आहे, नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष जन्माने अमेरिकन नागरिक असावा लागतो, वय किमान ३५ आणि देशात किमान १४ वर्षांचं वास्तव्य. ठाणेदारांचा जन्म चिकोडीचा, नागरिकत्व नंतर मिळालेलं. गव्हर्नर, खासदार, सिनेटर ही पदं मात्र त्यांना मोकळी. रामास्वामींचा जन्म अमेरिकेतलाच, म्हणून ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहू शकले. तुमच्या नात्यातलं कोणी तिकडे स्थायिक असेल तर त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना ही संधी आहे, आईवडिलांना नाही.

हरल्यावर काय केलं?

आपल्याकडे पडलेला उमेदवार बरेचदा पाच वर्षं दिसत नाही. पुढच्या निवडणुकीला बॅनरवर हात जोडून परत येतो. ठाणेदारांनी वेगळं केलं. त्यांना डेट्रॉइटसारख्या शहरात चांगली मतं मिळाली होती. एकेकाळी मोटारींच्या कारखान्यांमुळे श्रीमंत असलेलं हे शहर. कारखाने गेले, माणसं गेली आणि २०१३ मध्ये महापालिकेलाच दिवाळखोरी जाहीर करावी लागली. ठाणेदारांनी अॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला मुक्काम हलवला.

आणि थेट राज्याऐवजी छोटी पायरी निवडली. २०२० मध्ये मिशिगनच्या विधानसभेला डेट्रॉइटमधून उभे राहिले. प्रायमरीत सात जण होते. ठाणेदार जिंकले आणि नोव्हेंबरची निवडणूकही सहज जिंकली. म्हणजे आधी मुख्यमंत्रिपदाला उभे राहून पडले, मग आमदार झाले. आपल्याकडे सहसा उलटं असतं.

२०२२ मध्ये ते अमेरिकेच्या संसदेसाठी उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार. ठाणेदारांना फक्त २८ टक्के मतं, तरी तेच पहिले, कारण बाकीची मतं आठ जणांत वाटली गेली. मतविभागणी म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी खासदार म्हणून शपथ घेतली. २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. ही मुदत जानेवारी २०२७ पर्यंत आहे, कारण तिथे खासदारकी दोनच वर्षांची असते.

सगळं गोड आहे का?

नाही, आणि ते सांगितल्याशिवाय माहिती पूर्ण होत नाही. या निवडणुकांतही ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले. डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय समाज मोठ्या संख्येने आहे. ठाणेदार निवडून आल्यावर सुमारे सात दशकांत प्रथमच या शहराला संसदेत कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. याची सल तिथल्या अनेकांच्या मनात आहे. बाहेरून आलेल्या श्रीमंत माणसाने पैशाच्या जोरावर आमची जागा घेतली, असं ते म्हणतात. ठाणेदारांचं उत्तर असं की मीही गरिबीतून आलोय, त्यांचं दुःख मला कळतं.

संसदेतही त्यांच्यावर टीका झाली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव आणला. मे महिन्यात त्यावर मतदान घ्यायला लावणार होते. पण स्वतःच्याच पक्षाचे नेते सोबत आले नाहीत आणि त्यांना मतदानाचा आग्रह सोडावा लागला.

मग पैशाने निवडणूक जिंकता येते का?

पुन्हा पारावरच्या वाक्याकडे येऊ. ठाणेदारांचे आकडे पाहिले तर उत्तर असं दिसतं. पैशाने नाव पोचतं. मतदार थोडे असतील, उमेदवार जास्त असतील आणि मतं फुटत असतील, तर पैसा जिंकवूनही देतो. २०२० आणि २०२२ मध्ये तेच झालं. पण मतदारसंघ मोठा असेल आणि समोर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस असेल, तर ७० कोटीही कमी पडतात. २०१८ मध्ये ते झालं.

आता हे आपल्या गावाला लावून पाहा. ग्रामपंचायतीचा वॉर्ड म्हणजे काहीशे मतं. उमेदवार चार-पाच. इथेच पैसा सर्वात जास्त चालतो, कारण वीस-पंचवीस मतं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. आमदारकी-खासदारकीच्या निवडणुकीत आपल्या एका मताने काय होणार, असं आपण म्हणतो. पण वॉर्डात आपलं मत खरोखर मोजून निकाल ठरवतं. म्हणून सर्वात जास्त विचार करून मत द्यायची निवडणूक कोणती, तर आपल्या गावचीच.

ठाणेदारांच्या मराठी आत्मचरित्राचं नाव आहे 'ही श्रीची इच्छा'. स्वतःच्या नावावर केलेली ही कोटी आहे. पण २०१८ मध्ये इच्छा 'श्रीं'ची होती, मर्जी मात्र मतदारांची चालली. पुढच्या वेळी कोणी उमेदवार दारात आला आणि हात जोडले, तर त्याला एवढंच विचारा : दादा, मागची पाच वर्षं तुम्ही कुठे होता?